'जहाल' : विषालाही लागतो, औषधालाही



आज एका शब्दाची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या बालाघाटात मुलं हिंदी माध्यमात शिकतात. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना काँग्रेसचे दोन गट भेटतात, 'गरम दल' आणि 'नरम दल'. घरी आजी-आजोबा तोच इतिहास सांगताना 'जहाल' आणि 'मवाळ' म्हणतात. मुलं विचारतात, दोन्ही एकच ना? माणसं तीच, गट तेच, म्हणून हो, एकच. पण मराठी वर्तमानपत्रांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेमका 'जहाल' हाच शब्द का उचलला, आणि त्या एका विशेषणाने आपल्या आजा-पणजांच्या पिढीचं काय केलं, हे पाहिलं तर बरंच काही उलगडतं.

राजकारणात येण्याआधी 'जहाल' हा स्वयंपाकघरातला, वैद्याकडचा आणि पानाच्या चंचीतला शब्द होता. जहाल मिरची. जहाल तंबाखू. जहाल विष. जहाल औषध. जिभेला, घशाला, पोटाला जे झोंबतं ते जहाल. 'मवाळ' हा त्याच्या उलट, मऊपणाचा शब्द. दुपार कलली की ऊन मवाळ होतं, माणसाचा स्वभाव मवाळ असतो. दोन्ही शब्द बायाबापड्यांच्या तोंडचे, कुणाला समजावून सांगावे न लागणारे.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी काँग्रेसमधल्या नव्या गटाला 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणायला सुरुवात केली. त्याचा सरळ अर्थ टोकाला गेलेला. मराठीत त्याला 'टोकाचा' म्हणता आलं असतं, 'अतिरेकी' म्हणता आलं असतं. पण रूढ झाला तो 'जहाल'. 'अतिरेकी' शब्द मागे राहिला आणि पुढे त्याचं काय झालं ते आपण रोजच्या बातम्यांत पाहतो. इंग्रजी शब्द माणूस कुठे उभा आहे ते सांगतो. मराठी शब्द, तो किती झोंबतो ते सांगतो. आणि झोंबण्याचा प्रश्न आला की लगेच दुसरा प्रश्न येतोच : कुणाला?

माझ्या मते या शब्दाचं सगळं मर्म इथेच आहे. 'जहाल' विषालाही लागतो आणि औषधालाही. सरकारधार्जिण्या माणसाने लोकमान्यांना जहाल म्हटलं की त्याच्या मनात विष असायचं. केसरी वाचणाऱ्याने तोच शब्द उच्चारला की त्याला औषध अभिप्रेत असायचं, कडू, घसा जाळणारं, पण रोगावर चालणारं. म्हणून हे विशेषण शिवी म्हणून फेकलेलं असलं तरी ज्यांच्यावर फेकलं त्यांनी ते झेलून छातीवर लावलं. 'मवाळ'ला ही सोय नव्हती. मवाळ औषध म्हणजे न लागू पडणारं औषध! त्यामुळे त्या गटाला स्वतःसाठी वेगळा शब्द शोधावा लागला, 'नेमस्त'. नेमस्त म्हणजे नेमाने, मापाने वागणारा. चांगला शब्द आहे, पण चौकात तो चालला नाही. जहाल गट स्वतःला 'राष्ट्रीय पक्ष' म्हणवत असे. म्हणजे दोन्ही पक्षांची स्वतः घेतलेली नावं वेगळी होती, आणि लोकांच्या तोंडी बसली ती दुसऱ्याने ठेवलेली.

आता थोडा काळ आठवू. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशी आणि बहिष्काराची लाट उठली. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली आणि 'स्वराज्य' हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला गेला. लगेच, २ जानेवारी १९०७ ला, टिळकांनी कलकत्त्यात नव्या पक्षाची भूमिका सांगणारं भाषण केलं. त्यात त्यांनी या दोन विशेषणांवरच बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हे शब्द काळाशी बांधलेले आहेत. आज ज्यांना मवाळ म्हणतात ते काल जहाल होते, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. स्वतःवर लागलेल्या बिरुदाबद्दल इतकं थंड डोक्याने बोलणारा पुढारी विरळाच. हे म्हणणं पुढे कसं खरं ठरलं ते नागपुरातच दिसलं, त्याकडे येतोच.

त्या काळी बालाघाट जिल्हा नागपूर विभागात होता. जिल्हा १८६७ चा, आणि गावाचं जुनं नाव बुऱ्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून आपली छोटी लाइन आली आणि तिच्याबरोबर नागपूरची टपाल जवळ आली. पुण्यात केसरी मंगळवारी निघायचा. तो मुख्य लाइनीने गोंदियापर्यंत आणि तिथून वैनगंगेच्या काठाने इकडे यायचा. एक अंक चार घरं फिरायचा. वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी ओसरीवर वाचून दाखवायचं. अशा ठिकाणी शब्द कानावाटे घरात शिरतात. 'जहाल' कानाला ओळखीचा होता, म्हणूनच चटकन शिरला.

नागपूर तर तेव्हा तापलेलंच होतं. तिथे मराठी 'देशसेवक' निघत होता आणि अच्युत बळवंत कोल्हटकर त्यात लिहीत होते. १९०७ मध्ये माधवराव सप्र्यांनी नागपुरातूनच 'हिंदी केसरी' काढला. सप्रे मराठी घरातले, जन्म दमोह जिल्ह्यातला, लेखणी हिंदीची. टिळकांचा केसरी ते हिंदी वाचकांपर्यंत नेत होते. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यासाठी ही केवढी गोष्ट होती! मराठीतलं 'जहाल' राजकारण हिंदीत पोचलं, आणि तिथे त्या गटाचं नाव 'गरम' असंच रुळलं. मला या दोन शब्दांत एक फरक जाणवतो. गरम वस्तू ठेवून दिली की निवते. मिरची ठेवून दिली तरी जहालच राहते. टिळकांनी जे काळाबरोबर बदलण्याबद्दल सांगितलं, ते खरं तर हिंदी शब्दाला जास्त शोभतं.

१९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची ठरली होती. स्वागत मंडळात दोन्ही गटांची इतकी जुंपली की अधिवेशन इथून हलवून सुरतेला नेलं. तिथे २७ डिसेंबरला काय झालं ते प्रसिद्ध आहे. टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले, गोंधळ उडाला, मंडपातून एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या, काठ्या निघाल्या, पोलीस आले, काँग्रेस फुटली. त्या दिवसापर्यंत जहाल-मवाळ ही वर्तमानपत्री विशेषणं होती. त्यानंतर ती माणसांची जात विचारावी तशी विचारली जाऊ लागली. अमका कोण? जहाल की मवाळ?

शब्द किती खोल गेला होता ते रंगभूमीवरही दिसतं. केसरीत काम करणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. प्रेक्षकांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. टाळ्या कुणाला पडत असतील ते सांगायला नको. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

या विशेषणाची किंमत मात्र टाळ्यांत मोजली गेली नाही. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. केसरीत १२ मे आणि ९ जूनला त्यावर अग्रलेख आले. जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्या खटल्यातली एक गोष्ट भाषेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मराठी लेख ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतरात ठेवले होते. टिळकांनी कोर्टात भाषांतरातल्या एकेका शब्दाचा कीस काढला. मूळ मराठी शब्दाची छटा अशी, तुम्ही घातलेला इंग्रजी शब्द त्याहून कडक, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे एका विशेषणाच्या तोलावर एका माणसाची वर्षं अवलंबून होती. शिक्षा झाली सहा वर्षांची, मंडालेची.

बाकीच्यांचीही गत तीच. 'काळ'चे शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची सजा झाली. 'देशसेवक'च्या कोल्हटकरांना तुरुंग पाहावा लागला. सप्र्यांना १९०८ च्या ऑगस्टमध्ये पकडलं. ते काही महिन्यांनी माफीपत्र देऊन सुटले आणि त्या गोष्टीचं दुःख त्यांना दीर्घकाळ राहिलं. पुढे त्यांनी टिळकांचा 'गीतारहस्य' हिंदीत आणला. त्यांना नावं ठेवणं आज सोपं आहे. घरात पोरंबाळं, छापखान्याचं कर्ज आणि दारात पोलीस, अशा वेळी 'जहाल' हे विशेषण अंगावर वागवणं काय असतं, हे त्यांच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. १९१० मध्ये प्रेस अ‍ॅक्ट आला. छापखानेवाल्याकडून आधीच शेकडो-हजारो रुपयांची अनामत मागायची, आणि लिहिलेलं खटकलं की ती जप्त करायची. जहाल लिहिणं आता पैशानेही परवडेनासं झालं. 'काळ' बंद पडला.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो, कारण ती अनेक घरांची असणार. आमच्या थोरल्या पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य शिल्लक होतं, 'ते मवाळ होते.' सरकारी कचेरीत कारकून, मान खाली घालून जाणारे-येणारे. त्यांचे धाकटे बंधू जहाल. त्यांच्या गोष्टी मात्र ढीगभर. त्यांनी विलायती साखर सोडली, गूळ घालून चहा प्यायले, नागपुरात सभांना गेले. लहानपणी आम्ही सगळे धाकट्या पणजोबांचे. पुढे काकाजींनी जुनी पेटी काढली तेव्हा त्यात एक हिशोबाची वही निघाली. धाकट्या बंधूंचा नागपूरचा खर्च, खोलीचं भाडं, खानावळ, वर्तमानपत्राची वर्गणी, महिन्यामागून महिने लिहिलेला. अक्षर थोरल्यांचं. त्यांनी मान खाली घालून मिळवलेल्या पगारावर घरातला जहालपणा उभा होता. पण ते एक विशेषण त्यांना चिकटलं आणि वहीतलं काही कुणाला दिसलं नाही.

हेच मोठ्या इतिहासातही घडलं. गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की पुस्तकात एका ओळीत 'मवाळ नेते' येतं. पण याच गोखल्यांनी सरकारच्या अंदाजपत्रकांची आकड्यांनिशी चिरफाड केली. मिठावरच्या कराविरुद्ध ते वर्षानुवर्षं बोलले. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. प्रत्येक पोराला शाळा मिळाली पाहिजे, ही मागणी त्या काळात कुणाला कमी झोंबणारी होती का? नागपूरचा 'हितवाद' १९११ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केला, आणि तो आजही चालू आहे.

शिवाय हे विशेषण एकाच मापाने मोजायचं. सरकारशी कसं वागता, एवढंच. समाजसुधारणेचं माप लावलं की चित्र उलटं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला होता, आणि राजकारणात मवाळ असलेले कितीतरी जण विधवाविवाह, स्त्रीशिक्षण यांत पुढे होते. आणि गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं होतं, त्यांच्या दृष्टीने जहाल काय नि मवाळ काय, दोघेही वाड्यातलेच. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' निघू लागला, ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' आला. त्या पानांवर झोंबणारं बरंच होतं. पण 'जहाल' म्हटलं की या मंडळींची नावं आपल्या तोंडी येत नाहीत. शब्द ज्या भांडणासाठी घडला, तेवढंच त्याला दिसतं.

आता टिळकांच्या त्या भाकिताकडे येऊ. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले. मंडालेहून आदल्या वर्षीच परतलेले टिळक त्यांच्या अंत्ययात्रेला गेले आणि स्मशानात त्यांचा मोठा गौरव केला. १९१६ मध्ये लखनौला दोन्ही गट पुन्हा एकत्र बसले. १९१८ मध्ये मवाळ मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्यांनी आपला उदारमतवादी पक्ष काढला. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेस नागपूरला भरली, आणि गांधीजींचा असहकार तिथे कायम झाला. शाळा सोडा, कोर्ट सोडा, कौन्सिलं सोडा.

आणि या कार्यक्रमाला नाकं मुरडणारे कोण होते? टिळकांच्या तालमीतले वऱ्हाड-नागपूरचे जुने जहाल! अमरावतीचे दादासाहेब खापर्डे काँग्रेसपासून दूर झाले. डॉ. मुंजे, पुण्याचे केळकर यांना कौन्सिलांवरचा बहिष्कार पटत नव्हता. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं, सरकारची अडवणूक करायची म्हणून. आणि १९२५ मध्ये त्याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली. पक्षात रणकंदन झालं, प्रतियोगी सहकाराचा गट वेगळा झाला. अठरा वर्षांपूर्वी ज्यांना झोंबणारे म्हणत होते, त्यांना आता तरुण पोरं मवाळ म्हणू लागली. कुणाचे विचार फारसे बदलले नव्हते. त्यांच्याहून झोंबणारं दुसरं काही आलं होतं.

त्याच १९२० च्या काँग्रेसने भाषेनुसार प्रांत पाडले. मराठी मध्यप्रांताचं ठाणं नागपूर, हिंदीचं जबलपूर. बालाघाट हिंदीकडे गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला सरकारी नकाशातही तेच झालं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात, आपण मध्यप्रदेशात. मग आपल्या पुढच्या पिढ्यांनी 'गरम-नरम' शिकणं ओघानेच आलं, आणि 'जहाल' पुन्हा स्वयंपाकघरात परतला. आमच्याकडे अजून रस्सा जहाल होतो.

वर्तमानपत्रातून तो गेला मात्र नाही. गोंदिया-नागपूरहून येणारी मराठी वर्तमानपत्रं उघडा. 'जहाल नक्षलवादी' हे शब्द किती वेळा भेटतील मोजा. आपला जिल्हा, शेजारचा गोंदिया, पलीकडचा गडचिरोली, या जंगलपट्टीच्या बातम्यांत हे विशेषण आता नेहमीचं झालं आहे. ज्या शब्दाने कधी लोकमान्यांची ओळख सांगितली, तोच आज बंदूक घेतलेल्या माणसाला लागतो. मी दोघांना एका पारड्यात घालत नाही, कुणी तसं वाचू नये. आता मागे विष-औषधाचा वाद उरलेला नाही. शब्द एकाच अर्थाने येतो, पोलिसांच्या पत्रकातल्यासारखा. पूर्वी त्यावर दोन्ही बाजूंचा हक्क होता, आता एकाच बाजूचा आहे.

म्हणून एवढंच सुचवतो. वर्तमानपत्रात माणसाच्या नावाआधी विशेषण दिसलं की, ते जुन्या अंकातलं असो की आज सकाळच्या, क्षणभर थांबून दोन गोष्टी विचाराव्यात. हे कोण म्हणतंय? आणि झोंबलं कुणाला? मुलांनाही हे सांगावं. परीक्षेत 'गरम दल' लिहायचं ते लिहोत, पण त्या गटाला मराठीत जहाल का म्हणत ते त्यांना ठाऊक असावं.

आणि घरात जुनी पेटी असेल, तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाऊ देऊ नका. हिशोबाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, पोस्टकार्डं, सगळं एकदा नीट वाचा. 'मवाळ होते' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलेलं कुणीतरी त्यात नक्की भेटेल.